चितळकर नावाचा गायक

सी. रामचंद्र म्हटले की रसिकांना 'अनारकली' आठवतो. १९६३ साली दिल्लीत लताबाईंनी गायिलेले, पंडित नेहरूंचे डोळे पाणावणारे जवानांचे गीतही आठवते. परंतु या थोर संगीतकारात 'चितळकर' नावाचा एक खट्याळ गायक दडला होता, हे किती जणांना ठाऊक असेल?

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी नगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे झाला. पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे त्यांनी रागदारीचे धडे घेतले. ओढ मात्र पडद्याची! १९३५ च्या 'नागानंद' मध्ये ते नायक झाले, पण नट म्हणून जम बसला नाही. सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ भूमिका करता करता ते पेटीच्या साथीला बसले आणि तेथेच त्यांना आपली वाट सापडली. १९४२ च्या 'सुखी जीवन' पासून हिंदीत त्यांचे संगीत सुरू झाले.

तो काळ जॅझचा होता. न्यूयॉर्कमध्ये चार्ली पार्कर व डिझी गिलेस्पी 'बीबॉप' घडवीत होते. १९४५ साली तरुण सारा व्हॉनने त्यांच्याच साथीने रेकॉर्ड केली. बीबॉपने जॅझला नाचाच्या फरशीवरून उचलून श्रोत्यांच्या खुर्चीपुढे नेले. मुंबईत नेमके उलट घडले. बड्या हॉटेलांत वाजणारे जॅझ चितळकरांनी चार आण्यांच्या प्रेक्षकापर्यंत आणले. या कामी त्यांना गोव्याच्या हळदोण्याचा ट्रम्पेटवादक अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच 'चिक चॉकलेट', याची मोलाची साथ लाभली.

१९४७ च्या 'शहनाई' तील रविवारच्या भेटीचे गाणे गाजले, तसेच ते उच्छृंखल म्हणून टीकेचे धनीही झाले. १९४९ च्या 'पतंगा' त शमशाद बेगमबरोबर चितळकरांनी रंगूनहून टेलिफोन करणारा नवरा गायिला. १९५१ च्या 'अलबेला' त तर भगवानदादांचे पाय आणि चितळकरांचा गळा एकरूप झाले.

परक्यांचे घेतले म्हणजे आपले बुडाले काय? १९५३ च्या 'अनारकली' ने या प्रश्नाला चोख उत्तर दिले. ज्याचा षड्ज पक्का, त्याने परका ठेका खुशाल घ्यावा! मात्र उसने घेतल्यावर सावकाराचे नाव सांगावे. चाली कागदावर उतरवून वाद्यवृंदात बांधणाऱ्या गोव्याच्या कलावंतांची नावे पडद्यावर क्वचितच झळकली. हे ऋण आपल्या सिनेसंगीताच्या खाती आजही बाकी आहे.

५ जानेवारी १९८२ रोजी सी. रामचंद्र निवर्तले. आज खानदेशातल्या वरातीत 'अलबेला' चा ठेका वाजला, की आजोबा आणि नातू एकाच तालावर डोलू लागतात. मित्रहो, आपल्या स्नेहसंमेलनात ते गाणे बसवाल तेव्हा निवेदनात दोन नावे अवश्य घ्या: पुणतांब्याच्या चितळकरांचे आणि हळदोण्याच्या वाझचे.