मास्तरकी सोडून नांगर विकणारा माणूस

वाचकहो, शेतीच्या पानावर मुंबईतलं मरोळ कशाला, असं तुम्हाला वाटेल. माझी बहीण तिथं राहते, म्हणून अधूनमधून जाणं होतं. मरोळ नाक्यावरून मरोशीच्या रस्त्यानं आरे कॉलनीकडं निघालं की आधी म्हशींच्या गोठ्यांचा वास येतो, मग गोठे दिसतात. १९४९ साली सुरू झालेली ही दूध वसाहत. आणि गोठा आला म्हणजे वैरण आली, वैरण आली म्हणजे कडबाकुट्टी आली. मागच्या खेपेला त्या बाजूनं जाताना मला लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवले. कारण त्यांनी शेतकऱ्यासाठी जी यंत्रं पहिल्याप्रथम केली, त्यांत वैरण कापायचं यंत्र होतं.

आठवायला आणखी एक कारण झालं. मरोळपासून पवई जवळ. तिथं १९५८ साली आयआयटी सुरू झाली. तिथले प्राध्यापक आणि विद्यार्थी आज शोध लावतात आणि त्यावर स्वतःच्या कंपन्याही काढतात. त्यांना हात द्यायला २००४ सालापासून 'साइन' नावाची वेगळी संस्था आहे. प्राध्यापकानं धंद्यात पडायला आता नोकरी सोडावी लागत नाही. लक्ष्मणरावांना मात्र सोडावी लागली होती.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशीनाथपंत वेदान्तात रमणारे. पोराला चित्रकलेचा नाद. १८८५ साली ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पण काही रंग त्यांना नीट ओळखू येत नाहीत असं ध्यानात आलं. चित्रकाराला रंग कळेना म्हणजे संपलंच की! पण रेघ पक्की होती. त्यांनी यंत्रांच्या आराखड्याचं चित्रकाम धरलं, आणि त्याच जोरावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवायला लागले. तेव्हा ही संस्था भायखळ्याला होती, माटुंग्याला ती १९२३ साली गेली.

मास्तर वर्गात फळ्यावर यंत्र काढायचे आणि वर्ग सुटला की वर्कशॉपमध्ये जाऊन तेच यंत्र हातानं चालवून बघायचे. लेथ म्हणजे काय, भट्टी म्हणजे काय, हे सगळं तिथं शिकले. अमेरिकेची तांत्रिक मासिकं मागवून वाचायचे. मुंबईत त्यांनी सायकल पाहिली, तर ती विकत घेऊन बेळगावला नेली. तिथं बंधू रामूअण्णांबरोबर सायकलींचं दुकान सुरू झालं. मुंबईतून माल लक्ष्मणराव पाठवायचे, गिऱ्हाइकाला सायकल शिकवायचं काम रामूअण्णांचं. म्हणजे नोकरीत असतानाच त्यांचा एक पाय धंद्यात होता.

मग बढतीची वेळ आली. हक्क यांचा होता, जागा दिली एका अँग्लो-इंडियन माणसाला. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. इंग्रजी अमलातली पगाराची नोकरी, मागं घरसंसार. तुमच्या-माझ्यासारख्यानं दहादा विचार केला असता.

बेळगावला छोटा कारखाना निघाला. वैरण कापायची यंत्रं झाली, आणि मग लोखंडी नांगर. इथंच खरी गंमत आहे, म्हणून जरा थांबतो. नांगर तयार झाला, चांगला झाला, पण पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. लोखंडानं जमिनीत विष कालवलं जातं, अशी लोकांची समजूत होती. पुस्तकांत ही गोष्ट शेतकऱ्याच्या अडाणीपणाचा दाखला म्हणून येते. मला ते पुरतं पटत नाही. लाकडी नांगर गावचा सुतार करून द्यायचा, मोडला तर तोच दुरुस्त करायचा, आणि त्याचं बलुतं खळ्यावर धान्यात फिटायचं. लोखंडी नांगराला रोख पैसा पाहिजे. फाळ झिजला तर नवा आणायचा कुठून? जड नांगर ओढायला बैलजोड्या जास्त लागल्या तर त्या कुणाच्या? शेतकरी विषाचं नाव घेत असेल, पण पोटात ही धास्ती असणारच.

हे मी ऐकीव सांगत नाही. डिप्लोमा करून नोकरीला लागलो त्या पहिल्याच वर्षी एका गावात पेरणीच्या नव्या औजाराचं प्रात्यक्षिक घेतलं. औजार झकास चाललं. शेवटी एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं की याचा दाता मोडला तर तो मिळेल कुठं. माझ्याजवळ उत्तर नव्हतं. ते औजार पुढं एका शेडमध्ये गंजत पडलं. दोष बाबांचा नव्हता, माझा होता.

लक्ष्मणराव चिकाटीचे निघाले. लाकडी नांगर माती नुसती फाडतो. लोखंडी नांगर खोल जातो आणि माती पलटी करतो, हराळीच्या काशा वर येऊन उन्हात वाळतात. हे एकदा शेतात दिसलं की सांगावं लागत नाही. हळूहळू मागणी आली. तेवढ्यात बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा पाहिजे झाली. पुन्हा बिऱ्हाड पाठीवर!

अशा वेळी औंधचे राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. लक्ष्मणरावांनी त्यांच्या औंधात सभामंडपाचं काम घेतलं होतं. राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर माळजमीन आणि कर्ज दिलं. निवडुंग आणि साप, दुसरं काही तिथं नव्हतं. १० मार्च १९१० ला किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली.

माणसंही त्यांनी निवडुंगातूनच वेचल्यासारखी वेचली. शंभूराव जांभेकर यंत्रांकडं, मंगेशराव रेगे हिशेबाकडं. अनंतराव फळणीकरांचं शिक्षण अर्धवट सुटलेलं, ते तिथं कल्पक इंजिनिअर झाले. परीक्षेत नापास झालेले के. के. कुलकर्णी पडेल ते काम निभावणारे झाले. दरोड्याची शिक्षा भोगून आलेल्या दोघांना त्यांनी वाडीचे राखणदार नेमलं. वाडीत शिवाशीव पाळायची नाही, हा नियम. मास्तरकी सुटली होती, पण माणूस घडवायची सवय सुटली नव्हती, असं मला वाटतं.

पहिल्या महायुद्धात लोखंड-कोळसा मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच साली पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं, ते मासिक पुढं मराठी घराघरांत गेलं. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं झाली, आणि १९२६ च्या सुमाराला पंप. त्याच वर्षी चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून इंजिनिअर होऊन निघाले. १९४६ साली पुण्याला ऑइल इंजिनांचा कारखाना उभा राहिला. आपल्या विहिरींवरची मोट गेली ती या पंप आणि इंजिनांच्या जोडीनं. ज्यांनी पहाटे मोट हाकली आहे, त्यांना याची किंमत मी काय सांगू!

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. कुंडल रोड स्टेशनाचं नाव किर्लोस्करवाडी झालं. पुणे-मिरज मार्गावर ते आहे. बैलाचा नांगर आता ट्रॅक्टरपुढं मागं पडला. जुने नांगर गावोगाव गोठ्याच्या भिंतीला टेकलेले दिसतात. तुमच्याकडं असेल एखादा, तर त्याच्या फाळावर कुठल्या कारखान्याचं नाव ओतलंय ते एकदा गंज खरवडून बघा.