शेवाळाचे पारखी : पार्थसारथी अय्यंगार

सिंदेवाहीच्या परिसरात पावसाळ्यात धानाच्या बांध्या पाण्याने भरल्या, म्हणजे थोड्याच दिवसांत त्या पाण्यावर निळसर हिरवा थर धरू लागतो. मामा तलावांच्या काठच्या दगडांवरही तसाच बुळबुळीत थर असतो. लोक त्याला शेवाळ म्हणतात व पाय घसरेल म्हणून त्याला चुकवून जातात. अशा उपेक्षित शेवाळाचा तंतू न् तंतू निरखण्यात ज्यांनी सारे आयुष्य वेचले, ते मंडयम ओसुरी पार्थसारथी अय्यंगार १८८६ साली मद्रास येथे जन्मले.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात शिकून पुढे ते तेथेच वनस्पतिशास्त्राचे अध्यापक झाले. त्या काळी येथील शेवाळाचे नमुने बाटल्यांत भरून परदेशी धाडावे आणि तेथील विद्वानांनी त्यांना नावे द्यावी, असा प्रघात होता. पण बाटलीतील शेवाळ मेलेले! ते वाढते कसे, हे त्यावरून कसे कळावे? अय्यंगारांनी डबकी व तळी धुंडाळून जिवंत शेवाळ सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिले.

नीलहरित शैवालांची पारख तर फारच नाजूक. त्यांना ना मूळ, ना पान, ना फूल. पेशीत केंद्रकही नसते. म्हणूनच आज त्यांची गणना जीवाणूंत होते, अय्यंगारांच्या काळी ती वनस्पतींत होत असे. तंतूला फांद्या फुटतात काय? फुटत असतील, तर त्या खऱ्या, की तंतू तुटून बाजूला सरकल्यामुळे नुसत्या भासणाऱ्या? मधूनमधून जाड भिंतीच्या फिकट पेशी आहेत काय? तंतूची रुंदी मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. हे सारे पूर्वीच्या वर्णनांशी ताडून पाहावे आणि कोठेच जुळले नाही, तरच ते शैवाल नवे म्हणावे. १९४६ साली अय्यंगार व त्यांचे शिष्य देशिकाचारी यांनी अशी एक नवी प्रजाती जाहीर केली. तिचे नाव मॅस्टिगोक्लॅडॉप्सिस. गिरसप्प्याच्या जोग धबधब्यावरून तिच्या जातीला ‘जोगेन्सिस’ हे नाव मिळाले.

ही नुसती नावांची हौस नव्हती. भातशेतीला लागणाऱ्या नायट्रोजनात ही शैवाले हवेतून भर घालतात, हे डे या भारतीय शास्त्रज्ञाने १९३९ साली दाखवून दिले होते. कोणते शैवाल हे काम करते, हे सांगायचे तर आधी ते ओळखता आले पाहिजे. देशिकाचारींनी नीलहरित शैवालांवर लिहिलेला सुमारे सातशे पानांचा ग्रंथ १९५९ साली प्रसिद्ध केला तो भारतीय कृषी संशोधन परिषदेने.

आटत्या डबक्याच्या ओल्या मातीत वाढणारे एक हिरवे शैवाल अय्यंगारांनी १९३२ साली प्रसिद्धीस आणले आणि लंडन येथील आपले गुरू फ्रिट्श यांच्या नावावरून त्याला फ्रिट्शिएला म्हटले. पुढे १९५३ साली देशिकाचारींनी एका नव्या नीलहरित शैवालाचे नाव अय्यंगारिएला ठेवले. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६३ साली, अय्यंगारांचे निधन झाले.