जेरुसलेमच्या वाटेवरचा कवी

यहुदा हलेवी या हिब्रू कवीच्या मृत्यूची एक कथा युरोपात चार शतके सांगितली जात आहे. आयुष्यभर ज्या जेरुसलेमचा ध्यास घेतला त्या नगरीच्या वेशीशी तो उतारवयात पोहोचला, आपले विलापगीत म्हणू लागला, आणि एका अरब घोडेस्वाराने त्याला टापांखाली तुडविले, अशी ती कथा. ती १५८७ साली व्हेनिसमध्ये छापली गेली. म्हणजे कवीच्या मृत्यूनंतर जवळजवळ साडेचारशे वर्षांनी. पुढे हाइने या जर्मन कवीने १८५१ च्या आपल्या संग्रहात तिला काव्यरूप दिले आणि ती सर्वत्र पोहोचली. कथेतील अडचण अशी की, ११४१ साली जेरुसलेम अरबांच्या ताब्यात नव्हतेच. १०९९ मध्ये ख्रिस्ती क्रूसेडवाल्यांनी ते जिंकले होते, तेथील मुसलमान व ज्यू रहिवाशांची कत्तल केली होती, आणि ज्यूंना त्या शहरात वस्ती करण्याची बंदी घातली होती. तरीही मारेकरी अरबच ठरला. दंतकथेला आपल्या काळाचे वैर पुरते. इतिहासाची चौकशी ती करीत नाही.

हलेवीचा जन्म १०७५ च्या सुमारास उत्तर स्पेनमधील तुदेला येथे झाला असे अभ्यासक आज मानतात. तुदेला तेव्हा मुसलमानी अंमलाखाली होते. तेथील सुशिक्षित ज्यू घरात अरबी बोलत, हिशेब अरबीत ठेवीत, वैद्यक आणि तत्त्वज्ञान अरबीतच शिकत. प्रार्थना तेवढी हिब्रूत. हिब्रू कविता पूर्वी मुख्यतः प्रार्थनामंदिराची होती. दहाव्या शतकात दुनाश बेन लब्रात याने कॉर्दोव्यात अरबी छंदांचे माप हिब्रूला लावले. त्या वेळी भाषा भ्रष्ट झाल्याची ओरड झाली. पण शंभर वर्षांत त्याच मापात मद्य, उद्यान, मैत्री, प्रेम आणि विरह यांची कविता बहरली. शेजाऱ्याच्या भाषेशी स्पर्धा करता करता आपली भाषा समृद्ध व्हावी, याचे यापेक्षा ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

या परंपरेत हलेवीचा प्रवेश एका पैजेतून झाला. मोशे इब्न एझ्रा या ग्रॅनडाच्या ज्येष्ठ कवीची एक अवघड छंदातील रचना मैफिलीत निघाली असता त्याच छंदात उत्तर रचून दाखविणारा हा तरुणच ठरला. इब्न एझ्राने त्याला आग्रहाने आपल्याकडे बोलाविले. हलेवीच्या सुमारे आठशे कविता आज उपलब्ध आहेत. त्यांतील काही गीतांचा शेवट त्याने अरबीत किंवा सामान्य जनांच्या रोमान्स बोलीत केला आहे. सॅम्युएल स्टर्न या संशोधकाने १९४८ मध्ये असे शेवट उलगडून प्रसिद्ध केले, तेव्हा स्पॅनिश भाषेतील अगदी आरंभीच्या काव्यपंक्ती हिब्रू लिपीत जपल्या गेल्याचे उघड झाले.

ग्रॅनडातील सुख फार टिकले नाही. १०९० मध्ये आफ्रिकेतून आलेल्या मुराबित राज्यकर्त्यांनी शहर घेतले, इब्न एझ्रा घराण्याची वाताहत झाली. दुसरीकडे ख्रिस्ती राजा सहावा आल्फोन्सो याने १०८५ मध्येच टोलेडो जिंकले होते. त्याच्या दरबारी ज्यू वैद्याचे वजन होते. हलेवीने तेथे वैद्यकी केली. पण ११०८ मध्ये त्या दरबारी वैद्याचा पुतण्या, जो स्वतः राजाच्या सेवेत होता, मारला गेला. हलेवीने त्याच्यासाठी स्तुतिकाव्य रचले होते, त्याऐवजी शोकगीत लिहावे लागले. पुढच्याच वर्षी राजा वारला आणि टोलेडोत ज्यूंवर हल्ले झाले. कवी पुढे कॉर्दोव्यास परतला. मुसलमान राज्यात जिझिया होता, तो गरिबांना डोईजड होई, आणि कायद्याने दुय्यम स्थान ठरलेले होते. ख्रिस्ती राज्यात सर्व भिस्त राजाच्या मर्जीवर. दोन सत्तांच्या झुंजीत दोन्हींकडून आपलाच समाज भरडला जातो, हा त्याच्या उत्तरायुष्यातील कवितेचा अनुभव पुस्तकी नव्हता.

त्याचे नित्याचे जीवन कसे होते हे कळण्याचा मार्ग अनपेक्षित ठिकाणी सापडला. ईश्वराचे नाव असलेला कागद नष्ट करू नये या समजुतीने जुन्या कैरोच्या बेन एझ्रा प्रार्थनामंदिरातील ज्यू आपले निरुपयोगी कागद एका कोठडीत टाकीत. शतकानुशतकांचा तो ढीग १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी मोठ्या प्रमाणात केंब्रिजला नेला. विसाव्या शतकाच्या मध्यास एस. डी. गोइटीन हे त्यांतील भारताशी चालणाऱ्या व्यापाराचे कागद शोधीत असता त्यांच्या हाती हलेवीच्या हस्ताक्षरातील पत्रे आली. ती होती हल्फोन बेन नेतानेल या व्यापाऱ्याला लिहिलेली. हा हल्फोन स्पेन, इजिप्त, एडन असे करीत भारताच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत व्यवहार करणारा. मिऱ्याच्या भावाचा माग काढताना कवीचे अक्षर मिळावे, हा योग अर्थशास्त्राच्या वाट्याला नेहमी येत नाही.

पत्रांत काव्यचर्चा थोडीच. टोलेडोत कैदेत पडलेल्या एका ज्यू स्त्रीच्या सुटकेसाठी पैसे जमविण्याची खटपट त्यांत आहे. पूर्व भूमध्यसागरी प्रदेशात एका कैद्याच्या सुटकेचा रूढ दर ३३ १/३ दिनार होता, आणि साध्या कुटुंबाचा महिन्याचा खर्च दोन दिनारांत भागे. म्हणजे एक माणूस सोडविणे हा एका घराचा सव्वा वर्षाहून अधिक काळाचा संसार. समाजाने हा भार वर्गणीने उचलला, आणि वर्गणी गोळा करणाऱ्यांत हा नामांकित कवी होता.

याच काळात त्याने ‘कुझारी’ हा आपला गद्यग्रंथ सिद्ध केला. खजर राजा खऱ्या धर्माच्या शोधात तत्त्वज्ञ, ख्रिस्ती व मुसलमान यांना प्रश्न विचारतो आणि अखेर ज्यू पंडिताकडे वळतो, अशी त्याची मांडणी. पंडित शेवटी जेरुसलेमला निघतो. हिब्रूवर अरबी छंद लादल्याबद्दलचा खेदही ग्रंथात आहे. तो लिहिला आहे मात्र अरबीत. ११६७ मध्ये यहुदा इब्न तिब्बोनने त्याचा हिब्रू अनुवाद केला. हलेवीला ढोंगी म्हणणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. ज्या संस्कृतीने त्याला घडविले तिच्यावाचून तिला नकार देण्याचे साधनही त्याच्यापाशी नव्हते.

पंडिताप्रमाणे कवीही निघाला. मुलगी आणि त्याचेच नाव धारण करणारा नातू यांना मागे ठेवून तो ८ सप्टेंबर ११४० रोजी अलेक्झांड्रियास उतरला. फातिमी अमलातील इजिप्तने त्याला डोक्यावर घेतले. न्यायाधीश आरोन इब्न अल्‌अम्मानी याच्या घरी महिनोन्‌महिने पाहुणचार, मग कैरोत हल्फोनकडे. विरागी यात्रेकरूने या काळात इजिप्तच्या बागांवर व मित्रांवर रसाळ कविता लिहिल्या, याचा काही टीकाकारांना विषाद वाटतो. त्यात वस्तुतः विषाद वाटण्यासारखे काही नाही.

निघण्यापूर्वी मात्र एक गंभीर प्रसंग ओढवला. इस्लाम स्वीकारलेल्या एका माणसासाठी स्पेनमधील त्याच्या भावाने हलेवीजवळ तीस दिनार दिले होते. त्याने कवीबरोबर पॅलेस्टाइनला जावे, अशी अट होती. पैसे न मिळाल्याने त्या माणसाने अधिकाऱ्यांकडे तक्रार केली. मुसलमान झालेल्यास स्वधर्मात परत बोलाविणे हा त्या कायद्यात प्राणावर बेतणारा गुन्हा होता. प्रकरण काजीपर्यंत गेले आणि हलेवी निर्दोष सुटला. त्याच्या लौकिकाने त्याला तारले. दुसरा कोणी असता तर वाचता ना, असे तेथील ज्यूंना वाटले. दंतकथेतल्या घोडेस्वारापेक्षा हा प्रसंग खरा आहे आणि अधिक गुंतागुंतीचाही: धोका त्या राजवटीतच होता, आणि न्यायही तिच्याच काजीने दिला.

मे ११४१ मध्ये तो जहाजावर चढला. वारा प्रतिकूल असल्याने जहाज बंदरातच अडकून पडले. अखेर १४ मे रोजी पश्चिमेचा वारा सुटला आणि शिडे भरली. पुढचे वर्तमान व्यापाऱ्यांच्याच पत्रव्यवहारात आहे. नोव्हेंबर ११४१ मध्ये हल्फोनला आलेल्या एका पत्रात यहुदा हलेवीचा उल्लेख दिवंगत म्हणून झाला आहे.