विश्लेषण : ब्लॅकजॅकचे पत्ते वाटणाऱ्या मादाम ड्युमाँ कोण होत्या?

कॅसिनो-थीमच्या पार्टीत कुणाला तरी टेबलामागे उभे राहून ब्लॅकजॅकचे पत्ते वाटावे लागतात. नियम थोड्या वेळात शिकता येतात. पण वाटणाऱ्याचे पारडे जड का असते आणि तरीही तो केव्हा बुडतो, हे एलेनॉर ड्युमाँ यांच्या आयुष्यातून नेमके कळते.

सुरुवात कुठे झाली?

कॅलिफोर्नियात १८४८ मध्ये सोने सापडले आणि जगभरातून माणसे तिकडे धावली. त्यातूनच वाढलेल्या नेवाडा सिटी या खाणगावात १८५४ मध्ये ड्युमाँ आल्या. लवकरच त्यांनी तिथे जुगारघर उघडले आणि त्याला खेळाचेच नाव दिले : व्हँतेअँ, म्हणजे फ्रेंचमध्ये एकवीस. ब्लॅकजॅक हे नाव या खेळाला पुढे मिळाले.

त्यांचे टेबल वेगळे का होते?

पत्ते वाटणारी बाई हेच तेव्हा नवल होते. शिवीगाळ आणि हाणामारीला तिथे थारा नव्हता. खाणकामगारांनाही नीटनेटके होऊन यावे लागे. हरलेल्याशीही त्या अदबीने वागत. धंदा वाढला, तेव्हा त्यांनी डेव्ह टोबिन यांना भागीदार करून मोठे जुगारघर काढले. पुढे भागीदारी तुटली.

वाटणाऱ्याचा फायदा कशात?

आजच्या नियमांनुसार राजा, राणी, गुलाम यांचे दहा गुण, एक्क्याचा एक किंवा अकरा. २१ च्या जवळ जायचे, पण ओलांडायचे नाही. वाटणारा स्वतःचा एक पत्ता उघडा आणि एक पालथा ठेवतो. साधारणपणे १७ होईपर्यंत त्याला पत्ते घ्यावेच लागतात. मात्र खेळणाऱ्याची पाळी आधी येते. तो २१ च्या पुढे गेला की त्याचे पैसे तत्काळ जातात. नंतर वाटणाराही पुढे गेला तरी ते परत मिळत नाहीत. सगळी गोम इथे आहे.

मग त्या बुडाल्या कशा?

हा फायदा लहान असतो आणि शेकडो डावांनंतरच दिसतो. तोवर टिकायला गल्ल्यात पैसा लागतो. खाणी आटल्या तशा ड्युमाँ गावोगाव फिरल्या. वय वाढले, ओठावरच्या लवीवरून लोक त्यांना मादाम मुस्टॅश म्हणू लागले. मधल्या काळात त्यांनी जुगार सोडून नेवाडा राज्यात जमीनजुमला घेतला. पण ज्याच्यावर विश्वास टाकला, तो जॅक मॅकनाइट पैसे घेऊन पसार झाला, असे सांगितले जाते. त्या पुन्हा टेबलाकडे वळल्या.

शेवट काय झाला?

कॅलिफोर्नियातील बोडी या खाणगावात १८७९ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी ३०० डॉलर उसने घेऊन टेबल मांडले आणि काही तासांत ते गेले, अशी हकिकत आहे. ८ सप्टेंबरला गावाबाहेर त्यांचा मृतदेह सापडला. त्यांनी आत्महत्या केल्याचे मानले गेले.

पंचवीस वर्षे पत्ते वाटणाऱ्या हाताला खेळ कमी कळत होता असे नाही. गणित त्यांच्याच बाजूने होते; गल्ला मात्र एका वाईट रात्रीपुरताही उरला नव्हता. पार्टीत प्लास्टिकची नाणी संपली की हसून नवी घेता येतात. ड्युमाँ यांच्याकडे तशी सोय नव्हती.