देव, देऊळ आणि भक्त एकच : श्री ज्ञानेश्वर माउली

पवनेच्या काठी पिंपळे गुरव, तर इंद्रायणीच्या काठी श्रीक्षेत्र आळंदी. दोन्ही नद्यांचे पाणी शेवटी भीमेत जाते आणि पंढरीला चंद्रभागा म्हणून वाहते. तेथे पवनेचे कोणते व इंद्रायणीचे कोणते, हे निवडता येत नाही. जीव आणि शिव यांविषयी श्री ज्ञानेश्वर माउलींची शिकवण अशीच आहे.

माउलींचा जन्म बहुतेक अभ्यासक शके ११९७ (इ. स. १२७५) मधला मानतात. पिताश्री विठ्ठलपंत संन्यास घेऊन गुरूंच्या आज्ञेने पुन्हा संसारात आले, म्हणून धर्ममार्तंडांनी कुटुंबाला वाळीत टाकले. मातापित्यांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, असे परंपरा सांगते. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही भावंडे पोरकी झाली. संन्याशाची पोरे, एवढीच त्यांची ओळख उरली.

अशा बालकाच्या मनात अपमानाचा डंख जन्मभर राहता, तर नवल नव्हते. परंतु वडीलबंधू निवृत्तिनाथ हेच सद्गुरू लाभले आणि नाथपंथाचे अद्वैतज्ञान मिळाले. कूळ, देह, मान, अपमान यांना धरून बसलेला ‘मी’ खरा नव्हे. सर्वत्र एकच चैतन्य नांदते, हा अनुभव आला. मग राग धरायचा कोणी आणि कोणावर?

शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. तिच्या शेवटी माउलींनी मागणे मागितले ते अवघ्या विश्वासाठी. त्यात दुष्टांचेही कल्याणच चिंतिले. पुढे अमृतानुभवात त्यांनी जगाला चैतन्याचाच विलास म्हटले. अज्ञान मुळातच नाही, तेव्हा ते घालविल्याचा ज्ञानाभिमानही त्यांनी उरू दिला नाही.

योगी चांगदेवांना हा ज्ञानाभिमान नडला. ज्ञानदेव वयाने लहान, अधिकाराने थोर. पत्रात मायना काय लिहावा हे न सुचल्याने त्यांनी कोराच कागद पाठविला, अशी कथा आहे. माउलींनी पासष्ट ओव्यांचे उत्तर धाडले. लिहिणारा व वाचणारा मुळात एकच आहे, हे त्याचे सार.

सर्व एकच, तर पूजा कोणी कोणाची करावी? माउलींनी डोंगराचा दाखला दिला. एकाच खडकातून देव, देऊळ आणि देवाचा परिवार कोरता येतो; तसा अद्वैतातही भक्तीचा व्यवहार चालतो. म्हणून ज्ञानाच्या शिखरावरूनही त्यांनी पंढरीची वाट सोडली नाही.

शके १२१८ (इ. स. १२९६) च्या कार्तिक वद्य त्रयोदशीस, ऐन तारुण्यात, माउलींनी आळंदीतच संजीवन समाधी घेतली.

मंदिराचा जीर्णोद्धार होताना कोणी देणगी देतो, कोणी दगड घडवितो, कोणी पाट्या वाहतो. हे मी केले, एवढा भाव देवाच्या पायरीशी ठेवून आत गेल्यास माउलींचा उपदेश गावी नांदला असे होईल.