आम्लाला न जुमानणारा धातू

खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचा वरचा गोल असतो. त्याचा रक्तपुरवठा तुटला, की हाड आतून मरू लागते. यालाच एव्हीएन म्हणतात. आजार लवकर सापडला तर त्या हाडाला आतून टेकू म्हणून सच्छिद्र टँटलम धातूचा दांडा बसवण्याचा उपाय पुढे आला. हा धातू शोधला स्वीडनच्या अँडर्स गुस्ताफ एकेबर्ग यांनी.

त्यांचा जन्म १७६७ मध्ये स्टॉकहोमचा. लहानपणीच्या आजारपणामुळे त्यांना कमी ऐकू येई. तरीही उप्साला विद्यापीठात शिकून ते तिथेच रसायनशास्त्र शिकवू लागले. १८०१ मध्ये काचेच्या चंबूचा स्फोट होऊन त्यांचा एक डोळा गेला. त्यांनी काम सोडले नाही. पुढच्याच वर्षी स्वीडन आणि फिनलंडमधील खनिजांत त्यांना एका नव्या धातूचे ऑक्साइड सापडले. आम्लात ठेवले तरी ते विरघळेना. ग्रीक पुराणातला टँटलस पाण्यात उभा राहूनही तहानलेलाच राहतो. त्यावरून त्यांनी धातूला टँटलम नाव दिले.

१८०९ मध्ये इंग्लंडच्या वोलॅस्टन यांनी हा धातू नवा नाही, आधी सापडलेला कोलंबियमच आहे, असा निष्कर्ष काढला. १८१३ मध्ये, अवघ्या ४६व्या वर्षी एकेबर्ग गेले. हे दोन धातू वेगळे असल्याचे हाइनरिश रोझ यांनी दाखवले ते १८४४ मध्ये.

एकेबर्ग यांना चकित करणारा गुणच आज शरीरात उपयोगी पडतो. टँटलमवर त्याच ऑक्साइडचा पातळ थर तयार होतो आणि शरीरातील द्रवांत तो विरघळत नाही. सच्छिद्र टँटलमचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग पोकळ असतो. त्या छिद्रांत नवे हाड वाढते.

मात्र हा रामबाण उपाय नव्हे. या दांड्याचे निकाल संमिश्र आहेत. गोल खचल्यावर तर त्याचा फायदा नाही. तेव्हा बहुधा सांधाच बदलावा लागतो. म्हणून वेळ महत्त्वाची. स्टेरॉइड घेतलेल्या किंवा खूप मद्यपान करणाऱ्या व्यक्तीची जांघ दुखत राहिली, तर एक्स-रे चांगला आला म्हणून निश्चिंत राहू नका. सुरुवातीचा एव्हीएन एक्स-रेत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.