अठ्ठेचाळीस वर्षांचे मोल

एखादे सत्य सिद्ध झाले की ते आपोआप व्यवहारात उतरते, अशी आपली भाबडी समजूत असते. जेम्स लिंड या स्कॉटिश वैद्याचे चरित्र तिला छेद देणारे आहे.

लिंड यांचा जन्म १७१६ साली एडिंबरो येथे झाला. १७३१ मध्ये त्यांनी तेथील एका शल्यवैद्याकडे उमेदवारी पत्करली आणि १७३९ मध्ये ते ब्रिटिश नौदलात शल्यवैद्याचे साहाय्यक म्हणून दाखल झाले. त्या काळी लांबच्या सफरीवरील खलाशांना शत्रूच्या तोफांहून स्कर्व्हीचे भय अधिक असे. हिरड्यांतून रक्त वाहे, दात हलू लागत, भरलेल्या जखमा पुन्हा उघडत आणि अखेर मृत्यू गाठी.

मे १७४७ मध्ये ‘सॅलिसबरी’ या युद्धनौकेवर लिंड यांनी सारख्याच लक्षणांचे १२ रुग्ण निवडले. सर्वांचा आहार एकच ठेवून त्यांच्या सहा जोड्या केल्या. एकीला सफरचंदाचे मद्य, दुसरीला सौम्य गंधकाम्ल, तिसरीला शिरका, चौथीला समुद्राचे पाणी, पाचवीला लसूण-मोहरी आदींचे चाटण आणि सहावीला रोज दोन संत्री व एक लिंबू. फळे सहा दिवसांतच संपली. परंतु तेवढ्यात त्या जोडीतील एक खलाशी कामावर रुजू होण्याइतका बरा झाला आणि दुसरा इतरांची शुश्रूषा करू लागला. तुलनेची ही पद्धतच लिंड यांची खरी देणगी होय.

१७५३ साली त्यांचा स्कर्व्हीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १७५८ पासून त्यांनी हॅस्लर येथील नौदल रुग्णालयाची धुरा वाहिली. तथापि नौदलाने सर्व जहाजांसाठी लिंबूरसाचा निर्णय घेतला तो १७९५ मध्ये; लिंड आदल्याच वर्षी निवर्तले होते.

या विलंबाचा काही दोष लिंड यांच्याकडेही जातो. स्वतःच्या प्रयोगाहून रोगाच्या जुन्या उपपत्तींवर त्यांचा भर अधिक होता. रस आटवून टिकवण्याची जी युक्ती त्यांनी सुचवली, तिच्यात उष्णतेने त्यातील गुणच नष्ट होत असे. क जीवनसत्त्वाचा शोध विसाव्या शतकातला. त्यामुळे हे त्यांना उमगणे शक्य नव्हते.

परंतु मोठे कारण हिशेबाचे असावे. फळांचा खर्च जमाखर्चाच्या वहीत दिसतो. बळजबरीने भरती केलेल्या खलाशाचा मृत्यू कोणत्याच रकान्यात पडत नाही. सप्तवार्षिक युद्धात ब्रिटिश नौदलाचे सुमारे १,५०० लोक लढाईत कामी आले, तर रोगाने दगावलेले आणि बेपत्ता झालेले सुमारे १,३३,००० होते. हे आकडे समोर असूनही स्वस्त उपाय महाग वाटत राहिला.

ज्ञान असणे आणि त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होणे, यांतील अंतर माणसांच्या प्राणांनी मोजावे लागते. लिंड यांच्या चरित्राचा हा धडा केवळ वैद्यकाचा नव्हे, राज्यकारभाराचाही आहे.